सीए न होता करसल्लागार होता येतं का?

प्रश्न : माझी मुलगी पंचवीस वर्षांची, बी.कॉम. आहे. सीए इंटरचा एक ग्रुप निघाला, दुसरा काही निघत नाही. तीन वर्षं सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात नोकरी करते, पगार चौदा हजार. आता म्हणते, तासगावात स्वतःचं इन्कमटॅक्स-जीएसटीचं ऑफिस टाकते. ह्यांचं म्हणणं, सीए नसताना असं ऑफिस काढणं बेकायदेशीर असतं, त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा दे. तिचा भाऊ म्हणतो, दोन वर्षांत सगळं मोबाईलवर होईल, तुझ्याकडे कोण येतंय? उद्या लग्न झालं तर ऑफिसचं काय, ही माझी काळजी. माझ्या पाटल्या मोडून लाखभर रुपये उभे राहतील. करू का? — एक आई, तासगाव

उत्तर :

ताई, नमस्कार.

आधी घरातली भीती बाजूला करू. हे बेकायदेशीर नाही, असं यजमानांना निःशंक सांगा. दुसऱ्याचं विवरणपत्र भरून द्यायला, हिशेब लिहायला, जीएसटीचं काम बघायला सीए असावंच लागतं असा नियम नाही. करदात्याच्या वतीने आयकर अधिकाऱ्यापुढे उभं राहण्याचा हक्क कायद्याने ज्यांना दिलाय त्यांत सीए आहेत, वकील आहेत आणि ठरावीक शिक्षण असलेले प्रॅक्टिशनरही आहेत. भारतीय विद्यापीठाची वाणिज्य पदवी त्या शिक्षणात बसते. तालुक्याच्या गावांत ‘कर सल्लागार’ अशी पाटी सेल्स टॅक्सच्या जमान्यापासून दिसते, ती उगाच नाही.

हद्द मात्र आहे, आणि ती पहिल्या दिवसापासून माहीत हवी. टॅक्स ऑडिट म्हणजे आयकरासाठी होणारी हिशेब तपासणी, तिच्या अहवालावर सही फक्त सीएची. धंद्याची उलाढाल एक कोटीच्या वर गेली की साधारणपणे ऑडिट लागतं. रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असतील तर ही मर्यादा दहा कोटींवर जाते. असा पक्षकार आला की फाईल तयार करायची आणि सीएंकडे पाठवायची. पाटीवर ‘सीए’ ही अक्षरं कंसात ‘इंटर’ जोडूनसुद्धा लावू नयेत. सदस्य नसताना सीए म्हणवून घेण्याला १९४९च्या कायद्यात शिक्षा आहे, आणि गावात ते सांगणारे पुष्कळ असतात.

जीएसटीसाठी वेगळी नोंदणी लागते. ‘जीएसटी प्रॅक्टिशनर’ म्हणून पोर्टलवर पीसीटी-०१ हा अर्ज भरायचा. वाणिज्य, कायदा, बँकिंग किंवा व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी असलेल्याला तो भरता येतो. नोंदणी झाल्यापासून दोन वर्षांत ‘नासिन’ या केंद्रीय संस्थेची परीक्षा पास व्हावी लागते. शंभर बहुपर्यायी प्रश्न, दोनशे गुण, अडीच तास, पास व्हायला निम्मे गुण. सीए इंटरचा अभ्यास केलेल्या मुलीला ती जड नाही, पण ‘नंतर बघू’ म्हणत दोन वर्षं निघून जातात. नोंदणी करायची असेल तर परीक्षेची तारीख डोळ्यांसमोर ठेवूनच करावी.

मला स्वतःला याहून जास्त आवडणारा कागद म्हणजे जी.डी.सी. अँड ए. सहकार आयुक्तांकडून होणारी ही राज्य शासनाची सहकार व हिशेब विषयांची पदविका परीक्षा कुठल्याही पदवीधराला देता येते. ती पास झाल्यावर, लेखापरीक्षणाचा तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचं कामापुरतं ज्ञान असेल, तर सहकारी संस्थांसाठी ‘प्रमाणित लेखापरीक्षक’ म्हणून नामतालिकेवर येता येतं. सांगली जिल्ह्यात पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था किती आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. आयकराचं ऑडिट तिच्या हातात येणार नाही, पण हे ऑडिट येऊ शकतं. सध्याच्या ऑफिसात संस्थांचं काम येत असेल तर आजपासून ते मागून घ्यावं, म्हणजे अनुभवाचा दाखला तिथेच तयार होईल.

आता भावाचा मुद्दा. तो अर्धा बरोबर आहे. पगारदाराच्या विवरणपत्रात पगार, टीडीएस, बँकेचं व्याज आज आपोआप भरलेलं येतं. दुसरी निवडली नाही तर आता नवी करप्रणालीच आपोआप लागू होते, आणि आर्थिक वर्ष २०२५-२६पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांच्या उत्पन्नापर्यंत कर शून्य. त्यामुळे जुलै महिन्यात फॉर्म १६ घेऊन येणाऱ्यांच्या रांगेवर जिचं ऑफिस उभं आहे, तिची रांग आटत जाणार. त्या कामाची फी तालुक्याला पाचशे-सातशेच्या वर जात नाही आणि पक्षकार वर्षभरात पुन्हा तोंड दाखवत नाही.

पण त्याच रांगेत झेडपीच्या शाळेतले एखादे गुरुजी उभे असतात, त्यांच्याकडे जरा बघा. फॉर्म १६ आहे, सोबत वडिलोपार्जित द्राक्षबाग. त्यांनी मोबाईलवर ‘सहज’ नावाचा आयटीआर-१ उघडला आणि भरून टाकला. शेतीचं उत्पन्न करमुक्त, मग दाखवायचं कशाला, हा त्यांचा हिशेब. पण ते उत्पन्न वर्षाला पाच हजारांच्या वर गेलं की आयटीआर-१ चालतच नाही, दुसरा फॉर्म लागतो. आणि बाकीचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल तर दर ठरवताना शेतीचं उत्पन्न मिळवून धरलं जातं. शिवाय त्या वर्षी वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता हातात पडलेला असतो. मागच्या वर्षांची थकबाकी एकाच वर्षात आल्याने वाढलेल्या करात सवलत मिळते, पण त्यासाठी विवरणपत्राच्या आधी फॉर्म १०ई भरावा लागतो. गुरुजींनी सवलत घेतली, १०ई राहिला, नोटीस आली. वर भरलेलं विवरणपत्र तीस दिवसांत पडताळायचं राहिलं, तर ते भरलंच नाही असं धरतात. मोबाईल फॉर्म भरून देईल. तुमच्या घरात बाग आहे का, फरक कधीचा मिळाला, हे विचारायला समोर माणूस लागतो, आणि गुरुजी पुढच्या वर्षी त्याच माणसाकडे येतात.

तुमच्या गावाची तर आणखी एक जमेची बाजू आहे, बेदाणा. एका घरातले वडील स्वतःच्या बागेचा बेदाणा करून विकतात आणि थोरला मुलगा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा बेदाणा घेऊन बाहेर पाठवतो, असं चित्र तासगावात घरोघरी. वडिलांना जीएसटी नाही, नोंदणीची गरजही नाही. शेतकऱ्याने स्वतःचा बेदाणा विकला तर कर लागत नाही, हे डिसेंबर २०२४मध्ये जीएसटी कौन्सिलच्या ५५व्या बैठकीत स्पष्ट झालं. मुलगा मात्र व्यापारी. त्याच्या विक्रीवर पाच टक्के. त्याला कुणीतरी सांगतं, कंपोझिशन (उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरण्याची योजना) घे, कटकट नाही. पण माल परराज्यात जाणार असेल तर कंपोझिशन चालत नाही. बापलेकांचा पैसा एकाच खात्यातून फिरत असेल, तर कुठला बेदाणा कुणाचा हे तीन वर्षांनी अधिकाऱ्याला कसं दाखवणार? वडिलांच्या पट्ट्या, म्हणजे आडत्याने दिलेल्या विक्रीच्या पावत्या, वेगळ्या, मुलाची बिलं वेगळी, खाती वेगळी, हे पहिल्याच दिवशी बसवून देणारी व्यक्ती त्या घराला आयुष्यभर लागते. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही ॲपला तासगावची पट्टी वाचता येत नाही. तुमची मुलगी ती वाचतच मोठी झाली असेल.

म्हणजे या धंद्याची भाकरी महिन्याच्या कामात आहे. जुलैचं काम वरचं. दुधाच्या रतीबासारखे महिन्याचे पक्षकार बांधावे लागतात: किराणा, कृषी सेवा केंद्र, हार्डवेअर, बेदाण्याचे व्यापारी, छोटे ठेकेदार. त्यांच्या तारखा ठरलेल्या. सात तारखेला टीडीएसचा भरणा, अकराला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, चौदाला २बी म्हणजे पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांची यादी तयार होते, वीसला ३बी म्हणजे कर भरण्याचं विवरणपत्र. तिमाहीवाल्यांच्या तारखा निराळ्या. यातलं २बी जुळवणं हे खरं कौशल्याचं काम. समोरच्या पुरवठादाराने बिल चढवलंच नाही तर आपल्या पक्षकाराचा क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) अडकतो, आणि ते वेळेत सांगितलं तर तो फोन करून पुरवठादाराला गाठू शकतो. उशीर झाला की विलंब शुल्क दिवसाला पन्नास रुपये, काहीच व्यवहार नसला तरी वीस. हा दंड कुणी भरायचा यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी फीवरून होत नाहीत. कागद केव्हा मागितले आणि केव्हा मिळाले, याची व्हॉट्सॲपवर नोंद राहील असं वागलं की निम्मी भांडणं मिटतात. जीएसटी कायद्याप्रमाणे विवरणपत्रातल्या माहितीची जबाबदारी व्यापाऱ्याचीच राहते, प्रॅक्टिशनरने भरलं तरी. हे वाक्य तिने पहिल्या भेटीतच प्रत्येकाला सांगावं.

आता पैशांचं बोलू. खालचे आकडे माझा अंदाज आहेत, तालुक्याच्या गावाचा. महिन्याचे पंचवीस पक्षकार, सरासरी आठशे रुपये धरले तर वर्षाला दोन लाख चाळीस हजार. हंगामातली साधी आणि किचकट मिळून ऐंशी विवरणपत्रं सरासरी हजाराने धरली तर ऐंशी हजार. एकूण तीन लाख वीस. त्यातून गाळ्याचं भाडं, वीज, इंटरनेट, कागद मिळून महिन्याला साडेसहा हजार, आणि सॉफ्टवेअरचे वर्षाला वीस हजार गेले. दहावा हिस्सा उधारीत बुडाला, तो बुडतोच. हातात राहिले एक लाख नव्वद हजार, म्हणजे महिन्याला पंधरा-सोळा हजार. आजचा पगार चौदा. आणि हे पंचवीस पक्षकार जमायला दोन वर्षं सहज जातात. तेव्हा पहिली दोन वर्षं घरातून खावं लागेल, हे तुम्ही आणि यजमानांनी आधीच मान्य करायला हवं. पंचवीसचे पन्नास झाले की गणित बदलतं, कारण भाडं तेवढंच राहतं. एक मदतनीस ठेवावी लागते इतकंच.

फी महिन्याच्या महिन्याला घ्यावी, वर्षाची एकदम नव्हे. नातेवाइकांकडूनही घ्यावी. ‘आपलाच आहे, काय घेणार त्याच्याकडून’ हे वाक्य तासगावात तिला रोज ऐकू येईल, बहुधा घरातूनच.

एका गोष्टीवर मी जास्त बोलणार आहे, कारण तिथे चांगली मुलं वाहवत जातात. कुणीतरी येईल आणि म्हणेल, अमक्याने माझ्या मेव्हण्याला साठ हजारांचा रिफंड काढून दिला, तू किती काढशील? पद्धत सगळ्यांना माहीत आहे. न दिलेली राजकीय देणगी, नसलेलं घरभाडं, न झालेला आजार, न घेतलेलं शैक्षणिक कर्ज. फी म्हणजे रिफंडचा हिस्सा. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशभर दीडशे ठिकाणी याच प्रकरणात पडताळणीची मोहीम काढली. करदात्यांबरोबरच विवरणपत्रं भरून देणारे मध्यस्थ त्यांच्या निशाण्यावर होते. खात्याने सांगितलेला एक तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. हे मध्यस्थ ढिगाने विवरणपत्रं भरण्यासाठी तात्पुरते ई-मेल पत्ते उघडत आणि नंतर सोडून देत, त्यामुळे नोटिसा कुणी वाचतच नसे. चुकीची माहिती देऊन कर बुडवला तर दंड बुडवलेल्या कराच्या दुप्पट. साठ हजारांच्या रिफंडवर एक लाख वीस हजार दंड, साठ हजार परत, वर व्याज. हा भुर्दंड त्या मेव्हण्याला बसतो, आणि मग तो गावभर तिचं नाव घेतो.

तेव्हा नकार द्यायला ती आतापासून शिकली पाहिजे. रिफंडच्या टक्केवारीवर फी कधीही नाही. पोर्टलवर मोबाईल आणि ई-मेल पक्षकाराचाच, स्वतःचा नाही. ओटीपी त्याच्याच फोनवर येऊ दे, चार वेळा फोन करावा लागला तरी चालेल. कराचे पैसे स्वतःच्या खात्यात घेऊन भरणं तर अजिबात नको. ‘तूच भर गं, मला कुठं जमतंय’ म्हणत लोक रोकड टेबलावर ठेवतात. चलन काढून द्यावं, पैसे त्यांच्या खात्यातून जाऊ द्यावेत. यात पहिल्या वर्षी दोन-चार पक्षकार तुटतील, आणि ते त्या ‘अमक्या’कडे जातील. जाऊ द्यावेत.

१ एप्रिल २०२६पासून १९६१च्या जागी नवा आयकर कायदा आला आहे. ‘मागील वर्ष’ आणि ‘कर आकारणी वर्ष’ जाऊन एकच ‘करवर्ष’ आलं, कलमांचे नंबर बदलले. वीस वर्षं या धंद्यात असलेल्यांनाही पुन्हा वाचावं लागतंय. नव्याने सुरू करणाऱ्याला याहून चांगली वेळ क्वचित मिळते. फक्त २०२५-२६च्या उत्पन्नाचं विवरणपत्र अजून जुन्या कायद्यानेच जाईल, म्हणून काही काळ दोन्ही पुस्तकं टेबलावर राहतील.

लग्नाचं. तुमची काळजी खोटी नाही, तालुक्याचा धंदा ओळखीवर चालतो आणि ओळखी बॅगेत भरून नेता येत नाहीत. पण जीएसटी प्रॅक्टिशनरची एका राज्यातली नोंदणी बाकीच्या राज्यांतही धरली जाते. तुमच्या शेजारच्या विटा-खानापूर-आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक बघा. सोनं-चांदी गाळण्याची दुकानं देशाच्या कानाकोपऱ्यात आणि घर इकडे. त्यांना मराठीत बोलणारा, फोनवर काम करणारा, घरच्या माणसांना ओळखणारा करसल्लागार हवाच असतो. असे पाच-दहा पक्षकार असले तर ती मिरजेला गेली काय किंवा बंगळुरूला गेली काय, ते तुटत नाहीत. स्थळ बघताना ‘मुलगी नोकरी करते’ऐवजी ‘मुलीचा व्यवसाय आहे, तो चालू राहील’ एवढं मात्र तुम्ही स्पष्ट बोला. ते बोलण्याचं काम आईचं.

बँकेच्या परीक्षांबद्दल थोडक्यात. खुल्या गटात लिपिकाला अठ्ठावीस आणि अधिकाऱ्याला तीस ही वयाची मर्यादा, म्हणजे वेळ आहे. पण तिचं मन नसेल तर नोकरी सांभाळून अर्धवट अभ्यासात वर्ष घालवण्यात अर्थ नाही. सीएचा दुसरा ग्रुप? इंटरची परीक्षा २०२४पासून वर्षात तीनदा होते. शेवटच्या गुणपत्रिका काढून बघा. प्रत्येक विषयात चाळीसच्या वर आणि फक्त एकूण पन्नास टक्क्यांना थोडक्यात अडत असेल तर आणखी एक संधी नेटाने द्यावी. गुण तिशीतच घोटाळत असतील तर तो अभ्यास जी.डी.सी. अँड ए.कडे वळवावा.

आणि पाटल्या मोडू नका. गाळा आत्ता घ्यायचाच नाही. नोकरी आणखी वर्षभर चालू राहू दे. मात्र पहिलं काम म्हणजे तिने सध्याच्या सीएंना स्वतःहून सांगावं की पुढे तासगावात सुरू करायचा विचार आहे. लपवून दोन पक्षकार घरी आणले आणि ते कळलं, तर ऑडिटच्या फायली पाठवायला जवळचं माणूस उरणार नाही. बरेच सीए अशा छोट्या कामांना कंटाळलेले असतात. पाच-सहा हजार भाड्याच्या गाळ्यांची नि किराणा दुकानांची कामं ते खुशीने देतात आणि वर ऑडिट आपल्याकडे येणार याचा त्यांना आनंदच असतो. त्यांच्या संमतीने शनिवार-रविवारी घरच्या ओसरीवर आठ-दहा पक्षकार जमले, त्यांनी फी वेळेवर दिली, तर गाळा बघावा. तोवर लागतो तो बरा लॅपटॉप, एक स्कॅनर आणि प्रत्येक पक्षकाराची वेगळी फाईल ठेवायला कुलुपाचं कपाट. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा परवाना पंचवीस हजारांच्या आसपास जातो, तो दहावा पक्षकार आल्यावर घेतला तरी चालेल. वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर दुकाने-आस्थापना कायद्याखाली नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते, आणि धंदा सुरू झाला की व्यवसाय कराची पीटीईसी नोंदणी काढून वर्षाला अडीच हजार भरायचे. ती नोंदणी तिने स्वतःची स्वतः करावी. फी घेणारं कुणी मध्ये लागत नाही.